घुबडाच्या किती जवळ जावं?

फोटोसाठी जवळ जाण्याआधी थोडं थांबा, असं मी म्हणेन. थंडी हा शृंगी घुबडाचा, म्हणजे डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे तुरे असलेल्या मोठ्या घुबडाचा, विणीचा हंगाम. हे घुबड काटक्यांचं घरटं बांधत नाही. घळीच्या कपारीत, जुन्या खाणीच्या कडेला उघड्या मातीवरच अंडी घालतं. मादी दचकून उडाली की अंडी गार पडतात आणि कावळ्यांना आयती सापडतात. एका फोटोपायी अख्खी वीण जाऊ शकते.

मी घळीच्या पलीकडच्या काठावर बसतो, निदान साठ-सत्तर मीटरवर. पहाटे गवत दवाने ओलं असतं, म्हणून खाली गोणपाट. घुबड निवांत असलं की डोळे अर्धवट मिटलेले असतात. ते टक्क उघडे, गोल नारिंगी झाले आणि अंग ताठ आखडलं, की त्याला आपली भीती वाटतेय. तेव्हा हळूच मागे सरकायचं.

फ्लॅश नको, मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणं तर नकोच. घुबड स्थिर बसतं, त्यामुळे ट्रायपॉडवर १/६० सेकंदाइतक्या संथ शटरलाही चांगला फोटो येतो. आणि कृपा करून फोटोखाली जागेचं नाव लिहू नका. अंधश्रद्धेपायी घुबडं पकडणारे आजही आहेत.