व्हॉयेजरचा 'टूविक्स' भाग: जेनवेने केलं ते तुम्हाला पटतं का?

पावसाळी_दुपार
स्टार ट्रेक व्हॉयेजर ही अंतराळयानावरची मालिका परत बघायला घेतलीय आणि काल तिचा १९९६ चा 'टूविक्स' हा भाग बघून झाला, तेव्हापासून डोकं शांत नाहीये. स्पॉयलर आहेत, न पाहिलेल्यांनी पुढे वाचू नका. यानावरचे टूवॉक आणि नीलिक्स एका ग्रहावरून ऑर्किडचे नमुने घेऊन ट्रान्सपोर्टरने (माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राने) परत येतात आणि त्या फुलापायी दोघांचा मिळून एकच माणूस होतो, टूविक्स, दोघांच्याही आठवणी असलेला पण स्वभावाने तिसराच. काही आठवडे जातात, तो ब्रिजवरची (यानाच्या नियंत्रण कक्षातली) ड्युटीही करतो, स्वयंपाकघरही सांभाळतो, लोकांना आवडायला लागतो, आणि मग डॉक्टरला दोघांना वेगळं करायचा मार्ग सापडतो. टूविक्स म्हणतो मला जगायचंय. यानाची कॅप्टन जेनवे तरी दोघांना वेगळं करतेच, म्हणजे टूविक्स संपतो. मला तर हा सरळ खून वाटला, तुमचं काय मत?

कोकणकडा
खून काय म्हणता राव. टूवॉकची बायको-मुलं तिकडे व्हल्कन या त्याच्या ग्रहावर वाट बघतायत, नीलिक्ससाठी त्याची प्रेयसी केस (Kes) रडतेय, त्यांचं कोण बघणार? ते दोघं बोलू शकत नाहीत म्हणून कॅप्टन त्यांच्या वतीने बोलते, हे मला पूर्ण पटतं. आणि हाच उपाय पहिल्याच दिवशी सापडला असता तर कोणी हू की चू केलं नसतं. मग मध्ये काही आठवडे गेले एवढ्यानेच सगळं बदलतं का?

अनुस्वार
@कोकणकडा हो, बदलतं ना! तेवढ्या दिवसांत तो माणूस झाला, त्याला मित्र झाले, आणि मुख्य म्हणजे तो स्वतःच्या तोंडाने नको म्हणतोय. टूवॉक-नीलिक्स गेले ते अपघाताने, ह्याला मात्र हुकूम काढून संपवलं. मला जेनवेपेक्षा ब्रिजवरच्या बाकीच्यांचा जास्त राग येतो. तो एकेकाकडे वळून विचारतोय, हे चूक आहे असं कुणालाच वाटत नाही का, आणि चकोटे, पॅरिस हे अधिकारी, सगळे गप्प! शेवटी तोच त्यांना माफ करून जातो. नाही म्हणायची हिंमत फक्त डॉक्टरने दाखवली, रुग्णाच्या मर्जीविरुद्ध त्याचा जीव घेणार नाही म्हणाला, आणि तो तर नुसता होलोग्राम, म्हणजे संगणकाने उभी केलेली प्रतिमा. मग जेनवे स्वतः बटणं दाबते.

पावसाळी_दुपार
+१ अनुस्वार, ब्रिजचा सीन मी दोनदा मागे घेऊन पाहिला. पण एक मानावं लागेल, जेनवेने ते काम दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारलं नाही, आणि सिकबेमधून (यानाच्या दवाखान्यातून) बाहेर पडताना तिचा चेहरा बघा, सुटल्यासारखा अजिबात नाही. मला खटकतं ते लेखकांचं, पुढच्या भागात जणू काही घडलंच नाही! टूवॉकला टूविक्सच्या आठवणी राहिल्या का, टूवॉकला स्वतःला हे मान्य होतं का, एवढं तरी एकदा विचारायला हवं होतं कुणीतरी.

कोकणकडा
हे मात्र खरंय. टूवॉकलाच विचारायला हवं होतं. तरी मी जेनवेच्याच बाजूने, दोन जीव परत आले.