पतंगाला कॅमेरा बांधून वरून फोटो : मदत हवी आहे, रविवारच्या आत

खाडीकाठचा:
रविवारी परत जायचंय, पटकन सांगा. ठाण्यात खारेगावला खाडीकाठी पतंगाला कॅमेरा बांधून तिवरांचे फोटो काढतोय. पतंग चढतो, गिरक्या घेतो, गोता खातो. चाळीस फोटोंतले अडतीस आभाळाचे नाहीतर हललेले. काय चुकतंय?

नेरुळकर:
पतंग कुठला, कॅमेऱ्याचं वजन किती, बांधला कुठे, वेळ कुठली? डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणताय.

खाडीकाठचा:
पतंग म्हणजे पतंग हो, संक्रांतीचा, मोठ्यातला. कॅमेरा दीडशे ग्रॅम, पतंगाच्या पाठीलाच चिकटवला. सकाळी सात.

झपाट्या:
250 ग्रॅमच्या आतला ड्रोन घ्या. विषय संपला.

नेरुळकर:
संपत नाही. ड्रोन उडवायचा तर आधी सरकारी नकाशात हिरवा-पिवळा-लाल झोन बघा, कुठे उडवता येतो ते कळेल. आणि 1934 च्या विमान कायद्याच्या व्याख्येत पतंगसुद्धा होता.

झपाट्या:
म्हणजे संक्रांतीला अख्खी डोंबिवली वैमानिक!

घोडबंदर_मास्तर:
आपला पतंग लढवायला केलेला, चटकन वळावा म्हणून मुद्दाम अस्थिर. वजन उचलायला मोठा त्रिकोणी डेल्टा किंवा जपानी सहाकोनी रोक्काकू हवा. कॅमेरा पतंगाला नको, दोराला. पतंगाच्या वीस-पंचवीस मीटर खाली. तिथे हिसके कमी पोचतात. झुला पिकाव्हेचा करा, 1912 ची फ्रेंच युक्ती: दोरावर दोन हुक, त्यांतून एकच दोरी फिरवून खाली कॅमेरा लावलेल्या फुलीच्या चार टोकांना. दोर कितीही तिरका झाला तरी कॅमेरा सपाट राहतो. शटर 1/1000 सेकंद किंवा त्याहून जलद, दर पाच सेकंदाला एक फोटो. आधी तेवढ्याच वजनाची पाण्याची बाटली चढवा. माझ्या दोन बाटल्या खाडीत गेल्या, कॅमेरा वाचला.
आणि सकाळी सातला वारा कुठला? दुपारी समुद्रावरून सुटतो तेव्हा जा. हातमोजे घाला, विजेच्या तारांपासून लांब राहा.

पक्षीवेडी:
नायलॉनचा मांजा तर नाही ना? बंदी आहे, पक्षी कापले जातात. फ्लेमिंगो हवे असतील तर भरतीच्या वेळी नवी मुंबईत सीवूड्सला डीपीएस तलावावर या.

खाडीकाठचा:
ताई, फ्लेमिंगो नकोत, तिवरं हवीत. मांजा सुतीच आहे.

घोडबंदर_मास्तर:
सुतीही नको, कॅमेऱ्यासकट तुटेल. जाड, विणलेला पॉलिस्टरचा दोर घ्या.

जुनी_फिल्म:
1906 मध्ये जॉर्ज लॉरेन्स या अमेरिकन फोटोग्राफरने पतंगांना कॅमेरा टांगून भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोचा फोटो काढला. सतरा पतंग, वीस किलोच्या वर कॅमेरा! तुम्ही दीडशे ग्रॅमला रडताय.

खाडीकाठचा:
सतरा पतंग धरायला माणसं कुठून आणू? बरं, डेल्टाची कन्नी कुठे बांधायची? हे कोणीच सांगत नाही.

घोडबंदर_मास्तर:
बहुतेक डेल्टांना कन्नी लागत नाही. पोटाखाली कापडी कणा असतो, त्याच्या टोकाच्या भोकात दोर.

खाडीकाठचा:
ठाण्यात कुठे मिळेल? आज शुक्रवार आहे.

नेरुळकर:
घरीच शिवा: छत्रीचं कापड, फायबरच्या काड्या. घरात शिलाई मशीन आहे का? हेही लिहिलं नाहीत.