बॉडी बायस चिपगणिक जुळवायचा, की पुरवठा व्होल्टेजवर भागवायचं?

चौथा_पाय
ट्रान्झिस्टर शिकवताना बॉडी (गेट, सोर्स, ड्रेन यांच्याखालचं सिलिकॉन) सोर्सला जोडून टाकतात आणि पुढे तिचं नावही निघत नाही. माझं म्हणणं, हा चौथा पाय डिझाइनच्या पहिल्या दिवसापासून हाताशी हवा. त्याला वेगळं व्होल्टेज देणं म्हणजे बॉडी बायस. एकाच वेफरवरच्या चिपही सारख्या निघत नाहीत: एक वेगवान पण गळकी (बंद ट्रान्झिस्टरमधूनही प्रवाह झिरपतो), दुसरी काटकसरी पण मंद. फॉरवर्ड बायस (सोर्स-बॉडी डायोड चालू होण्याच्या दिशेचा) दिला की थ्रेशोल्ड, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं गेट व्होल्टेज, उतरतं आणि मंद चिप धावू लागते. रिव्हर्स (उलट दिशेचा) दिला की थ्रेशोल्ड चढतं, गळती आवरते. थ्रेशोल्ड ८० ते १०० मिलिव्होल्टनी चढलं तर सबथ्रेशोल्ड गळती (थ्रेशोल्डखाली, बंद अवस्थेतली) साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. इंटेलच्या संशोधकांनी २००२ मध्ये १५० नॅनोमीटरच्या चाचणी चिपवर प्रत्येक चिपला तिचा बायस देऊन पाहिला, तर फ्रिक्वेन्सीतली तफावत सात पटींनी घटली. नापास ठरणाऱ्या चिप पास होतात, हे थोडंथोडकं नाही.

गळतीमापक
२००२ चा दाखला आज चालणार नाही. चॅनेल (सोर्स ते ड्रेन प्रवाहाची वाट) आखूड होत गेलं तशी बॉडीची पकड सैल होत गेली. फिनफेटमध्ये (उभ्या पात्यासारख्या चॅनेलचा नवा ट्रान्झिस्टर) तर गेट चॅनेलला तीन बाजूंनी धरतं, बॉडीला कोणी विचारत नाही. जुन्या बल्कमध्येही (थेट सिलिकॉन वेफरवरचे सपाट ट्रान्झिस्टर) बायसला दोन्ही दिशांना मर्यादा आहेतच. रिव्हर्स बायस ताणला की जंक्शनमधलं टनेलिंग (इलेक्ट्रॉन अडथळ्यातून आरपार जाणं) वाढतं. एका दारानं हाकललेली गळती दुसऱ्या दारानं आत येते. फॉरवर्ड बायस अर्ध्या व्होल्टच्या पुढे नेला तर सोर्स-बॉडी डायोड वाहू लागतो, शिवाय लॅचअपची (चिपमध्ये शॉर्टसारखा प्रवाह अडकून राहण्याची) धास्ती. त्यापेक्षा पुरवठा व्होल्टेज जुळवा. स्विचिंगची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते.

चौथा_पाय
फिनफेटचं मान्य. पण एफडी-एसओआयला (ऑक्साइडच्या थरावर पातळ सिलिकॉन असलेलं तंत्रज्ञान) बाजूला का सारता? तिथे सोर्स-ड्रेन आणि खालची वेल (बायस मिळणारा सिलिकॉनचा भाग) यांच्यामध्ये ऑक्साइडचा पातळ थर असतो, म्हणून तुम्ही म्हणता तो डायोडच उरत नाही. २८ नॅनोमीटरला बल्कमध्ये १ व्होल्ट बायसनं थ्रेशोल्ड जेमतेम २५ मिलिव्होल्ट हलतं, एफडी-एसओआयमध्ये सुमारे ८५. आणि पुरवठा उतरवायलाही तळ आहे: एका मर्यादेखाली एसरॅमचा (चिपवरच्या मेमरीचा) सेल आपला बिट सांभाळू शकत नाही. झोपलेल्या चिपची गळती तिथून पुढे कशानं कमी करणार?

टेपआउट_उद्या
मी हे एका चिपवर केलंय, म्हणून सांगतो. कागदावर दिसत नाही ते लेआउटमध्ये अंगावर येतं. दोन्ही प्रकारच्या वेलना वेगळं बायस ग्रिड, वेल वेगळी ठेवणाऱ्या डीप एन-वेलसाठी सोडायची मोकळी जागा, उणे व्होल्टेज बनवायला चार्ज पंप, आणि चाचणी यंत्रावर प्रत्येक चिपचा बायस शोधण्यात जाणारा वेळ. आमचा रिंग ऑसिलेटर (चिपचा वेग मोजणारा मॉनिटर) एका कोपऱ्यात होता आणि क्रिटिकल पाथ (सर्वांत मंद मार्ग) दुसऱ्या टोकाच्या गरम भागात. मॉनिटर म्हणे सगळं ठीक, आणि पाथ टायमिंग चुकवत होता. चूक आमचीच, मॉनिटर विखरून ठेवायला हवे होते. पण तेवढ्यानंही शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरमधला डोपंटचा (सिलिकॉनमध्ये मिसळलेल्या अणूंचा) योगायोगी फरक मिटत नाही. अख्ख्या वेलला एकच बायस, तो त्या दोघांत निवड कशी करणार?

कॉर्नर_केस
सगळे तयार झालेल्या चिपवर बोलताय. खरी कमाई त्याआधीची आहे. मंद कॉर्नर (सर्वांत मंद निघणाऱ्या चिपची परिस्थिती) बायसनं सावरणार हे साइन-ऑफलाच (डिझाइनच्या अंतिम तपासणीत) धरलं, तर टायमिंग जुळवायला घुसडलेले मोठे सेल आणि बफर लागतच नाहीत. क्षेत्रफळ घटतं, गळतीही. शेवटी बायस चिकटवणाऱ्याला यातलं काही मिळत नाही, आणि मग तंत्राला नावं ठेवली जातात.

गळतीमापक
हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण मग बायसची यंत्रणा बिघडली तर चिपच गेली. मार्जिन (सुरक्षेसाठी ठेवलेली सूट) तर आधीच काढून घेतलेलं. बॅटरीवर महिनोन्‌महिने झोपून राहणाऱ्या सेन्सरच्या चिपपुरती माझी हरकत मागे घेतो. सतत राबणाऱ्या सर्व्हर प्रोसेसरसाठी नाही.