प्रूफ नाण्याची पेटी उघडून तपासावी की बंदच ठेवावी?

बर्डीवाला
चांदीचं प्रूफ नाणं, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारख्या चमकीचं काढलेलं नाणं, विकताना "पेटी उघडू नका, किंमत पडते" असं सांगतात आणि घेणारा ऐकून घेतो. माझं मत उलट आहे. पैसे देण्याआधी नाणं कॅप्सूलमधून, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक डबीतून, काढून तपासलंच पाहिजे. पुठ्ठ्याची पेटी, मखमल, छापील प्रमाणपत्र यांची नक्कल नाण्याच्या नकलेपेक्षा सोपी असते.

आपल्या टांकसाळीच्या बऱ्याच मोठ्या स्मारक नाण्यांचं माप एकच होतं: 44 मिमी व्यास, 35 ग्रॅम वजन, काठावर 200 दाते. धातूत चांदी 50 टक्के, तांबं 40, निकेल 5, जस्त 5. नव्या संसद भवनाचं 2023 चं 75 रुपयांचं नाणं याच मापाचं. म्हणजे चांदी भरते फक्त 17.5 ग्रॅम. बाकीचे पैसे आपण दुर्मीळपणाचे मोजतो, नकली बनवणाऱ्याची नजर त्यांच्यावरच असते.

घनतेची तपासणी घरी होते. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. त्यावर डिस्टिल्ड पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक नायलॉन दोऱ्याच्या झोळीत घालून पूर्ण बुडवा, मात्र तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. या मिश्रधातूची घनता साधारण 9.5, त्यामुळे काट्यावर, म्हणजे नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, 3.64 ते 3.67 ग्रॅम यायला हवं. त्याच वजनाचं तांबं-निकेलचं नाणं 3.9 च्या आसपास दाखवतं. मे महिन्यात आपल्या नागपुरात पाणीच 40 अंशांना टेकतं, तेव्हा आकडा किंचित कमी येतो. तो फरक एक टक्क्याच्या आत असतो. खरा घोळ बुडबुड्यांचा. दात्यांत हवा अडकली की आकडा वाढतो आणि चांगलं नाणं हलकं ठरतं.

इतवारी_टंच
भाऊ, गणित बरोबर आहे, पण प्रश्नच चुकीचा धरलाय. टांकसाळ एकाच नाण्याचे प्रूफ आणि साधे असे दोन संच काढते. दोन्हींचा धातू, वजन, व्यास एकच. साध्या संचातलं नाणं बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, चमकवून प्रूफ म्हणून विकलं, तर तुमचा काटा त्याला शंभर टक्के पास करेल. बाजारातली ही फसवणूक तुमच्या पद्धतीला दिसतच नाही.

ती पकडायला पाणी नको, दहापट भिंग आणि एकच दिवा पुरे, तेही कॅप्सूलच्या बाहेरून. प्रूफसाठी ठसा आणि चकती दोन्ही घासून आरसा करतात आणि नाणं एकापेक्षा जास्त वेळा दाबतात. म्हणून सपाट भाग अक्षराच्या पायथ्यापर्यंत आरशासारखा राहतो, उठावदार भाग दुधी दिसतो, कडा धारदार असतात. बफचं चाक अक्षरांच्या पोटात शिरत नाही. 'अ'च्या वळणात, शून्याच्या आत मंद कडं उरतं, अक्षरांच्या कडा गोल होतात, आणि नाणं तिरकं केलं की एकाच दिशेच्या बारीक रेघा चमकतात.

आणि प्रूफचा आरसा ओला करणं मला मान्यच नाही. एक थेंब वाळला की डाग, एकदा कापड लागलं की ओरखडे. त्या नाण्याला मग प्रूफ कोण म्हणेल?

धरमपेठ_रुपया
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहिली. कॅप्सूल बंद ठेवल्यानं नाणं सुरक्षित राहतं हा समज आपल्या शहरात जास्त धोक्याचा आहे. चार महिने डेझर्ट कूलर चालतो, म्हणजे खोलीत सतत दमट हवा. मग लगेच पावसाळा. साधी कॅप्सूल हवाबंद नसते. पेटीतल्या फोममधून, पुठ्ठ्यातून गंधकाचे वायू सुटले की चांदी आधी पिवळसर, मग निळी-काळी पडते. मऊ पीव्हीसीच्या पाउचमध्ये तर क्लोरीन तांब्याशी लागतं आणि हिरवट चिकट थर येतो. तो दिसला की शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून थेंब गळू द्यायचे, पुसायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. ॲसिटोन पेट घेतं, हे काम खिडकी उघडून आणि गॅसपासून लांब.

चुंबकाची घसरगुंडी करून पाहणाऱ्यांनाही सांगते. शुद्ध चांदीच्या तिरक्या धरलेल्या नाण्यावरून निओडिमियमचं जोरदार चुंबक रेंगाळत उतरतं. आपल्या 50 टक्केवाल्या धातूतून वीज बरीच कमी वाहते, त्यामुळे चुंबक भराभर घसरतं आणि खरं नाणं नकली वाटतं.

बर्डीवाला
ताई, चुंबकाचं पटलं. इतवारीवाले, बफ केलेल्या नाण्याचा मुद्दाही मान्य, तो मी सोडलाच होता. पण पाण्याबद्दल नाही. डिस्टिल्ड पाणी, मग ॲसिटोनची एक अंघोळ, उभं धरून वाळवणं, एवढं केलं तर डाग उरत नाही. डाग पडतात ते बोअरच्या पाण्याचे. आणि सगळं कॅप्सूलबाहेरून करायचं म्हटलं तर 200 दाते कसे मोजणार? ओतीव नकलेत काठावर जोड दिसतो, दाते विस्कटतात. काठ कॅप्सूलच्या प्लास्टिकच्या रिंगने झाकलेला असतो.

इतवारी_टंच
काठासाठी उघडा, तिथं माझा विरोध नाही. खाली जाड टॉवेल, हातात पावडर नसलेले नायट्रिल मोजे. कापडी मोज्यातून नाणं निसटतं. धरायचं फक्त काठाला, आणि तोंडानं फुंकर मारायची नाही.

धातूची शंकाच असेल तर सराफा ओळीत एक्स-रेच्या मशीनवर टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढून घ्या, नाणं ओलं होत नाही. मात्र ते मशीन वरचा पातळ थरच वाचतं. जाड मुलामा त्याला शुद्ध चांदी वाटतो. उलट तांबं मिसळलेल्या चांदीची चकती तापवून आम्लात धुतली की वरचं तांबं निघून जातं, म्हणून खऱ्या नाण्यावरही चांदी 50 पेक्षा जास्त दिसू शकते. कसोटीचा दगड आणि नायट्रिक आम्ल मात्र प्रूफच्या जवळसुद्धा आणू देऊ नका.

बर्डीवाला
मुलामा मशीनला कळत नाही हे तुम्हीच लिहिलंत. तिथं पुन्हा पाण्याचा ग्लासच लागतो.

इतवारी_टंच
लागतो, पण शेवटी. आधी भिंग, मग वजन, मग काठ. तिथपर्यंत शंका उरली तर मी ते नाणं भिजवणार नाही, घेणारच नाही.