अनुभव धागा: ‘अ केस ऑफ एक्स्प्लोडिंग मँगोज’ वाचून तुम्हाला काय भिडलं?

मोहम्मद हनीफ यांची ही पहिलीच कादंबरी, 2008 सालची. 17 ऑगस्ट 1988 ला बहावलपूरजवळ पाकिस्तानचे लष्करशहा झिया-उल-हक यांचं सी-130 विमान कोसळलं. अमेरिकेचे राजदूतही त्यात गेले. अपघात की घातपात, हे कोडं अजून सुटलेलं नाही आणि हनीफ यांची गोष्ट त्याच कोड्यावर उभी आहे. निवेदक अली शिग्री हवाई दलाचा कॅडेट. माझ्या मनातून जात नाही तो त्याचा बाप. पंख्याला लटकलेला कर्नल, आणि आत्महत्या म्हणून मिटवून टाकलेलं प्रकरण. तुम्हीही लिहा, हातचं राखू नका.

रत्नागिरीहून
ऑगस्टात आमच्याकडे आंबा कुठला! तिकडे मात्र चौसा असतो. आमच्या पडवीत पेटी भरताना खाली पेंढा, मग एकेक फळ हातात फिरवून, डाग बघून लावायचं. एक पेटी किती हातांतून जाते ते मला माहीत आहे. त्यामुळे विमानात पेट्या चढतात ती पानं वाचताना छातीत धडधडत होतं.

नागपूरहून, हवाई दलातून निवृत्त
ताई, ड्रिलचं वर्णन अस्सल आहे. हनीफ स्वतः पाकिस्तानी हवाई दलाच्या अकादमीत शिकलेले, ते जाणवतं. तोंडी हुकूम नाही, तरी सगळी तुकडी एका ठेक्यात वळते, हे अंगी बाणायला महिने जातात. पण मला खरं धरून ठेवलं ते अली आणि ओबेदने. सेंट लावणारा, पुस्तकांत बुडालेला ओबेद नाहीसा होतो आणि अलीची चौकशी सुरू होते. आमच्या काळी बराकीत दोन पोरांच्या अशा जिव्हाळ्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. इथे ते प्रेम आहे, आणि लेखक त्याचं स्पष्टीकरण देत बसत नाही. विमान कुणी पाडलं याचे धागे तर अनेक आहेत. माझ्या लेखी कादंबरीचा कणा ही दोन पोरं.

ठाण्याहून
माझ्यासाठी झैनब. अंध, बलात्कार सोसलेली, आणि गुन्हेगार ओळखता येत नाहीत म्हणून तिलाच दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा. मी वकिली करते. झिया यांनी आणलेल्या 1979 च्या हुदूद कायद्यांखाली, म्हणजे इस्लामी शिक्षांच्या कायद्यांखाली, 1983 मध्ये एका अंध मुलीला खरोखरच फटक्यांची शिक्षा सुनावली होती. देशभर संताप उसळला आणि शरियत न्यायालयाने ती रद्द केली. तो खटला ठाऊक असल्याने ही पानं सलग वाचवली नाहीत. झैनबचा शाप वाहून नेणाऱ्या कावळ्याचं प्रकरण मात्र मला फार ताणलेलं वाटलं.

दुबईहून
इंग्रजी पुस्तक पाकिस्तानात वर्षानुवर्षं उघड विकलं जात होतं. उर्दू अनुवाद आला, आणि जानेवारी 2020 मध्ये कराचीच्या प्रकाशकाकडून त्याच्या प्रती उचलून नेल्या. सामान्य माणसाच्या भाषेत आल्यावरच पुस्तक टोचलं, याचा मला अजून राग येतो. इथे कुणी तो अनुवाद वाचला आहे का? ओबेदचं बोलणं उर्दूत कसं उतरलंय, ते जाणून घ्यायचंय.