सुट्टीत हॉस्पिसला (बरे न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत सेवा करतात तिथं) गेलं तर खरंच काही शिकायला मिळतं का?

बीडचा_थर्डइयर: एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एटकॉमच्या (डॉक्टरनं कसं वागावं-बोलावं ते शिकवणाऱ्या) तासाला 'वाईट बातमी कशी द्यावी' याचं नाटक केलं, शाबासकीही मिळाली. पण माणूस मरताना जवळ कधी थांबलोच नाही. सुट्टीत पुण्याला वारज्याच्या सिप्ला सेंटरला, म्हणजे तिथल्या हॉस्पिसला, स्वयंसेवक म्हणून विचारावं म्हणतोय. आई म्हणते, तिथं जाऊन काय बघायलास? कुणाचा अनुभव?

सिस्टर_मावशी: जा बाळा, पण स्टेथो घरी ठेवून जा. राऊंडला डॉक्टर म्हणतात, "आता घरी न्या, सेवा करा." सेवा म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगत नाही. तिथं तेच शिकशील.

परभणीकडचे एक बाबा होते. तंबाखूनं गालाचा कॅन्सर, जखमेला इतका वास की सून दारातनंच ताट सरकवायची. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून जखमेवर कशा भुरभुरायच्या, ते तिला दाखवलं. काही दिवसांत वास उतरला अन् नातू खाटेवर येऊन बसायला लागला. महागडं काहीच नव्हतं त्यात.

अजून एक. शेवटी शेवटी जेवण सुटतं. घरचे म्हणतात, "उपाशी मरायलेत, सलाईन लावा." (आपल्याकडं सलाईन लावलं की सगळ्यांचं समाधान!) शरीरानं आवरतं घेतलं की भूक आपोआप जाते. वरून पाणी चढवलं तर सूज अन् छातीतली घरघर वाढू शकते. त्यापेक्षा ओल्या कापसानं ओठ, जीभ पुसत राहावं. हे रडणाऱ्या बायकोला समजावून बघ, मग नाटकातले मार्क सांग.

इंटर्न_लातूर: सिस्टर बरोबर बोलतात, पण मॉर्फिनचं, म्हणजे जबर दुखण्यावरच्या औषधाचं काय? २०१४ ला एनडीपीएस कायदा (अमली पदार्थांचा) बदलून परवान्याची कटकट कमी केली, तरी बरेच दवाखाने साठा ठेवत नाहीत. मुंबईत शांती अवेदना हे हॉस्पिस १९८६ पासून आहे. आपल्याकडचा पेशंट तिथवर जाणार कसा?

सिस्टर_मावशी: खरंय. अन् मिळालं तरी दुखेल तेव्हाच देतात. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची. सोबत पोट साफ व्हायचं औषध नसेल तर ती चिठ्ठी अर्धीच.

बीडचा_थर्डइयर: पेशंटनंच विचारलं, "मला काय झालंय?" तर?

सिस्टर_मावशी: "तुम्हाला काय वाटतं?" म्हण अन् गप ऐक. बहुतेकांना कळलेलं असतं, पोरांसमोर बोलत नाहीत एवढंच. आजार काय ते तू सांगू नकोस, डॉक्टरांच्या कानावर घाल. अन् मोबाईल खिशातच ठेव, रील काढणाऱ्या एकाला मी हाकलून दिलंय.