स्टिल्टमधला फुटबॉल (सोसायटी ग्रुप, फोंडा)

फ्लॅट १०२: काल संध्याकाळी मुलांचा बॉल लागून माझ्या स्कूटरचा आरसा फुटला. बिल्डिंगखालचं स्टिल्ट पार्किंग म्हणजे मैदान नव्हे. सेक्रेटरींनी काय ते एकदा ठरवावं.

फ्लॅट ३०४: वहिनी, बॉल माझ्याच मुलाच्या पायातून सुटला. संध्याकाळी त्याला घेऊन येतो. आरसा आम्ही बसवून देऊ.

फ्लॅट २०१: खेळ पूर्ण बंद करा. मैदानं काय कमी आहेत?

फ्लॅट ३०४: काका, मैदानात आत्ता घोटाभर पाणी आहे. पाऊस सरेपर्यंत मुलांनी जायचं कुठे?
आमच्या लहानपणी भात कापून झालं की शेत आमचं. मेर, म्हणजे शेताचा बांध, हीच टचलाइन. पावसाळ्यात मात्र घराच्या पडवीत खेळायचो, मोज्यात चिंध्या कोंबून केलेल्या बॉलने. वर कौलं, त्यामुळे बॉल उंच मारायची सोयच नव्हती. तो पायाशी ठेवायला मी तिथेच शिकलो.
आज स्टिल्टमध्ये तेच चाललंय. दोन खांबांत जेमतेम पाच पावलं जागा. समोर कोणी आडवा आला की पोरं भिंतीवर बॉल मारून पलीकडे स्वतःच गाठतात. मी काल अर्धा तास उभा राहून बघितलं. फार सुंदर खेळतात हो!
फुटसाल, म्हणजे छोट्या जागेतला फुटबॉल, सुद्धा जागेच्या अडचणीतूनच आला. १९३० मध्ये उरुग्वेच्या मोंटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने वायएमसीए या युवक संस्थेतल्या मुलांसाठी तो बसवला, बास्केटबॉलच्या कोर्टवर मावेल असा. एका बाजूला पाचच खेळाडू. त्याचा बॉलही वेगळा असतो, ४ नंबरचा. दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला ५० ते ६५ सेंटिमीटरच उसळतो. मुलं सध्या ५ नंबरचा टणक बॉल वापरतात, तो फरशीवर उसळून थेट आरशापर्यंत जातो. फुटसालचा बॉल मी आणून देतो.

फ्लॅट १०१: आवाजाचं काय? आमच्या सासूबाई दुपारी झोपतात. बॉल भिंतीवर आपटला की दचकून उठतात.

फ्लॅट ३०४: बरोबर आहे, वहिनी. पाचच्या आधी कोणी खाली उतरणार नाही. तुमच्या बेडरूमखालच्या भिंतीवर बॉल मारायचा नाही, हेही सांगतो.

फ्लॅट २०१: मला काळजी गाडीची नाही. रिव्हर्स घेताना लहान मूल मागे आलं तर दिसत नाही.

सेक्रेटरी: काकांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मग असं करू. फक्त मागची बाजू, ५ ते ६.३०. तिथल्या तीन गाड्या तेवढा वेळ बाहेर रस्त्याकडेला लावायच्या. एक मोठा माणूस हजर हवा. मीटरबॉक्सच्या बाजूला गोल नको.

फ्लॅट ४०२: माझी गाडी मी बाहेर लावेन. सोमवारी आणि गुरुवारी मी उभा राहतो.

फ्लॅट २०१: मंगळवारी मी.

फ्लॅट १०२: आरसा बसला. मुलगा स्वतः येऊन सॉरी म्हणाला, बरं वाटलं. माझी स्कूटर उद्यापासून गेटजवळ लावते, तो कोपराही मोकळा होईल. माझ्या मुलीला खेळायला घेतील का? तिला गोलकीपर व्हायचंय.

फ्लॅट ३०४: उद्या पाचला पाठवा.